डोंगरात वापरायला कोणता कंपास घ्यावा आणि नकाशावरून दिशा कशी काढावी?

पारदर्शक पट्टीवर बसवलेला, म्हणजे बेसप्लेट कंपास घ्या. पट्टीखालून नकाशा दिसतो आणि तिच्या कडेनं थेट रेघ जुळवता येते. लष्करी धाटणीचा झाकणाचा कंपास भारी दिसतो, पण त्याच्यासोबत नकाशासाठी वेगळा कोनमापक लागतो. पट्टी निदान १० सेंटिमीटर लांब, फिरत्या तबकडीवर २ अंशांच्या खुणा आणि सुईची डबी द्रवानं भरलेली असावी; कोरड्या डबीतली सुई डुलतच राहते. दुकानात तीन-चार कंपास एकमेकांपासून हातभर लांब ठेवून बघा. ज्याची सुई बाकीच्यांशी जुळत नाही, तो बाजूला ठेवा. उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिणेत खाली झुकून घासते, म्हणून तिकडे जायचं असेल तर तिथली किंवा ‘ग्लोबल’, म्हणजे दोन्ही गोलार्धांत चालणारी सुई घ्या.

आता नकाशावरून दिशा. पट्टीची लांब कड आपल्या जागेपासून मुक्कामापर्यंत लावा. पट्टीवर छापलेला प्रवासाचा बाण मुक्कामाकडेच हवा. मग तबकडी फिरवून आतल्या समांतर रेषा नकाशाच्या उत्तररेषांशी जुळवा, तबकडीवरचा उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला. या वेळी सुईकडे अजिबात बघायचं नाही. बहुतेकांची गडबड इथेच होते. बाण किंवा तबकडी, दोन्हींपैकी एक उलटं लागलं तर तुम्ही बरोबर १८० अंश चुकीच्या दिशेला निघता. म्हणून निघण्याआधी ‘मला साधारण पूर्वेकडे जायचंय ना?’ एवढं मनाशी पडताळा.

यानंतर डिक्लिनेशन. नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक नकाशाच्या समासात छापलेला असतो. सुईची उत्तर पूर्वेकडे असेल तर प्रवासाच्या बाणाच्या रेषेवर तबकडीत आलेल्या आकड्यातून हा फरक वजा करा, पश्चिमेकडे असेल तर मिळवा आणि तबकडी नव्या आकड्यावर फिरवा. कंपासवरच ही दुरुस्ती कायमची लावली असेल तर पुन्हा करू नका. हा फरक दरवर्षी थोडा सरकतो, तेव्हा नकाशा कोणत्या साली छापलाय तेही बघा. एका अंशाची चूक १ किलोमीटरवर साधारण १७ मीटर भरते, १० अंशांची सुमारे १७५.

कंपास छातीजवळ आडवा, सपाट धरा आणि सुईचं लाल टोक तबकडीतल्या बाणाच्या चौकटीत येईपर्यंत स्वतः वळा, तबकडी नाही. समोर त्या रेषेत एखादं झाड किंवा दगड हेरून तिथवर चाला, मग पुढचा हेरा. सुईवर डोळे लावून चाललात तर नकळत एका बाजूला सरकता.

मोबाईल, चुंबकी बटणाचं पाकीट, लोखंडी काठी सुईला ओढतात. मोबाईल हातभर लांब ठेवा, गाडीपासून दहाएक मीटर दूर जाऊन वाचा. त्याहून वाईट म्हणजे कंपास मोबाईलच्या स्पीकरला चिकटून राहिला तर सुईचं चुंबकत्व उलटूही शकतं आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागतं. प्रत्येक वेळी निघताना सूर्यावरून किंवा एखाद्या ओळखीच्या शिखरावरून तपासून घ्या. डबीत बारीक बुडबुडा चालतो. सुईला अडेल एवढा मोठा झाला तर कंपास बदला.

नदीवरचा पूल गाठायचा असेल तर सरळ पुलावर नेम धरू नका. मुद्दाम ५-६ अंश डावीकडे चाला. नदी लागली की पूल उजवीकडेच असणार, कुठे वळायचं हा प्रश्नच उरत नाही.