बाळंतपणाला सव्वा वर्ष झालं तरी कंबर दुखणं थांबत नाही, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, सिझर होऊन सव्वा वर्ष, उठता-बसता कंबरेत कळ, एक्स-रेत काही निघालं नाही, सासूबाई म्हणतात पाठीतल्या सुईनं कंबर गेली, आणि कापसाची वेचणी तोंडावर आलेली. मी डॉक्टर नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, दोन लेकरांची आई आहे. धाकट्याच्या वेळी माझी कंबर पावणेदोन वर्षं दुखत होती. आता दुखत नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर त्यातली निम्मी वर्षं वाचली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सुईचं, कारण ती भीती मनातून गेल्याशिवाय पुढचं काही पटत नाही. सिझरला पाठीत जी सुई देतात ती फार बारीक असते, आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली दिली जाते. औषधाचा असर काही तासांत उतरतो. टोचलेली जागा चार-आठ दिवस ठणकते, तेवढंच. वर्षानुवर्षं कंबर दुखण्याचं ते कारण नाही. माझ्या थोरल्या जावेची तिन्ही बाळंतपणं साधी झाली, सुई कधी लागली नाही, आणि कंबर धरून उठणारी आमच्या घरातली पहिली बाई तीच.

मग दुखतं कशानं? गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीरच ते करतं. पोट पुढे येतं तशी कंबर आत वाकते. आणि पोटावरून उभ्या जाणाऱ्या स्नायूंच्या दोन पट्ट्या मधोमध एकमेकींपासून लांब सरकतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं हे काही महिन्यांत आपोआप जुळून येतं. काही जणींचं येत नाही. पोट पुढून सैल राहिलं की पुढचा सगळा भार पाठीचे स्नायू एकटे ओढतात, आणि ते रोज संध्याकाळी बोंब मारतात.

हे मला कळलं ते वर्ध्याला एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले तेव्हा. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले, आणि म्हणाल्या, "आता फक्त डोकं उचला, खांदे नको." मी डोकं उचललं आणि त्यांनी बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली. बोटं आत गेली. कणकेत जातात तशी. मग माझाच हात धरून माझीच बोटं तिथे ठेवली. दोन्ही बाजूंना ताठ कडा लागत होत्या आणि मधे साडेतीन बोटांची पोकळी. दोन बोटांपर्यंत अंतर असलं तर फारशी चिंता नसते, त्यापेक्षा जास्त असलं तर पोट मुद्दाम बांधून काढावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं. दीड वर्ष मी ऐकत होते की माझ्या अंगात काम करायचं मन नाही. दुखण्याला जागा होती, आणि ती बोटाला लागत होती.

तोवर मी काय काय केलं होतं तेही सांगते, कारण तुम्हालाही हेच सुचवत असतील. सासूबाईंनी आधी म्हटलं, "आमी का लेकरं नाही काढले? बाईच्या जातीची कंबर दुखतच रायते, पोरी." पण त्यांना माझी काळजी होती. त्याच मला शेजारच्या गावातल्या पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, मुलीकडे पाय लावून घ्यायला घेऊन गेल्या. हलका पाय लावला तर त्यानं बिघडत काही नाही, पण तिथे एकानं कंबरेला हिसका दिला आणि मी तीन दिवस बाजेवरून उठले नाही. हिसका, लाथ, कंबर तुडवून घेणं, यातलं काहीही करू देऊ नका. मग पट्टा आणला. सहा महिने दिवसभर बांधला. एसटीच्या प्रवासात किंवा एखाद्या जड दिवशी पट्टा ठीक आहे, पण रोज दिवसभर बांधला की स्नायू आणखी आळशी होतात. पोट करकचून बांधण्याचंही तसंच: सोसेल इतकं सैलसर बांधलं तर आधार वाटतो, घट्ट आवळलं तर सगळा दाब खाली गर्भपिशवीवर आणि लघवीच्या जागेवर जातो. आणि गावात मोटरसायकलवर येणाऱ्या एका डॉक्टरकडून मी किती सुया घेतल्या याची मोजदाद नाही. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. सुईत काय होतं हे त्यानं कधी सांगितलं नाही, मी अंगावर पाजते हे त्यानं कधी विचारलं नाही. पाजत असताना नेहमीच्या मात्रेतली पॅरासिटामॉल चालते, बाकी कुठलीही दुखऱ्याची गोळी किंवा सुई विचारल्याशिवाय नको.

आता व्यायाम. माझे चारच होते. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हळूच आत ओढायचं, पाच आकडे धरायचं, श्वास न कोंडता. दहा वेळा. तसंच पडून कंबरेची पोकळी जमिनीला टेकवायची आणि सोडायची. मग कुल्ले उचलून पूल करायचा, तोही श्वास सोडत. आणि चौथा, लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच आकडे आवळून धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचे. हा मात्र प्रत्यक्ष लघवी करताना करायचा नाही. तो दिवसातून तीनदा, बसल्या जागी, भाकरी थापतानाही होतो. खोकताना-शिंकताना थेंब गळत असतील तर त्यालाही यानंच फरक पडतो, आणि ते सांगायला लाजू नका. उठाबशांसारखे पोटाचे जोरकस व्यायाम मात्र सध्या नको. डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध धार वर येत असेल तर तो व्यायाम अजून तुमचा नाही. बाजेवरून उठतानाही सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधारानं बसा.

पहिले तीन आठवडे मला काहीही फरक वाटला नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी चूल पेटवून उभी राहिले आणि लक्षात आलं की उठताना भिंत धरली नाही. चार महिन्यांनी अंतर दोन बोटांवर आलं.

पण व्यायामानं निम्मंच झालं. उरलेलं निम्मं कामात होतं, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे. वेचणीचं बघा. कमरेला ओटी बांधतो, कापूस भरत जातो, चार-पाच किलोचं ओझं पोटावर लोंबतं आणि आपण त्याच्यावरून पुढे वाकून खालची बोंडं काढतो. म्हणजे गरोदरपणात जे पोट पुढे होतं, तेच परत बांधून दिवसभर वावरात फिरायचं. मजुरी किलोमागे असते, म्हणून ओटी गच्च भरल्याशिवाय कुणी धुऱ्याकडे जात नाही. मी त्या हंगामात ओटी निम्मी भरली की रिकामी करायला लागले. ओटीची गाठ कमरेवरून काढून कापड एका खांद्यावरून तिरपं घेतलं, दर तासाला खांदा बदलला. खालच्या बोंडांसाठी वाकायचं नाही, एक गुडघा टेकायचा, आणि दर अर्ध्या तासानं उभं राहून दोन्ही हात कुल्ल्यांवर ठेवून मागे पाच वेळा वाकायचं. पहिल्या आठवड्यात मजुरी कमी पडली. नंतर मी दुपारनंतरही चालत राहिले, आधी दुपारीच बसायची वेळ यायची. सव्वा वर्ष झालेल्या बाईनं वेचणीला जाऊच नये असं मी म्हणणार नाही, घर चालवायचं असतं. पहिला वेचा अर्धा दिवस करा, बघा, मग वाढवा. कापसाचं गाठोडं मात्र यंदा डोक्यावर घेऊ नका, ते दुसऱ्या कुणी उचलावं.

घरातलं पाणी तसंच. हापशीवरून एक भरलेला गुंड कडेवर आणि दुसऱ्या कडेवर लेकरू, हे बंद. दोन अर्धे गुंड, दोन खेपा, लेकरू घरी. उचलताना गुडघ्यातून बसा, वस्तू अंगाला चिकटवून घ्या, श्वास सोडत उठा. आणि पाजण्याची जागा बघा. आमच्या बाजेची नवार इतकी ढिली होती की बसलं की कंबर खड्ड्यात जायची, आणि मी वाकून बाळाकडे जायची. दिवसातून आठ-दहा वेळा. नवार कसून घेतली, भिंतीला टेकून बसायला लागले, मांडीवर उशी ठेवून बाळ वर आणलं. एवढ्यानं मानेचं दुखणं आठवड्यात गेलं.

हे सगळं घरानं होऊ दिलं तर होतं. मी वर्ध्याला दुसऱ्या खेपेला सासूबाईंनाच सोबत नेलं. फिजिओ बाईंनी त्यांचीही बोटं माझ्या पोटावर ठेवली. येताना एसटीत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पंधरा मिनिटं लेकरू त्यांनी घेतलं आणि पाण्याला आमचे हे जायला लागले. तुमच्या सासूबाईंना समजावत बसण्यापेक्षा सोबत घेऊन जा. जिल्हा सामान्य रुग्णालयात फिजिओथेरपी विभागाची चौकशी करा. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवस घरी येतात, पण लक्ष बाळाकडे असतं. त्यांना तुमच्या कंबरेचं तुम्हीच सांगा, त्या ओळखीनं लवकर दाखवून देतात.

आता जे थांबवून ठेवायचं नाही ते. जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटणं, लघवी-संडासवर ताबा न राहणं, पायातली ताकद जाणं: यातलं काही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय, १०८ ला फोन करा. दुखणं रात्री पडल्यावरही वाढतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, मणक्यावर एकाच ठिकाणी दाबलं की कळ येते, तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्या. त्याला खोकला असावाच लागत नाही, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. थोडक्या उचलण्यानं एकदम पाठीत कळ बसली तर हाडं ठिसूळ झाली का ते बघावं लागतं, क्वचित पाजण्याच्या काळात तसं होतं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे, घरात कुणाला असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. लघवीला आग आणि कुशीत दुखून ताप, किंवा अंगावरून पांढरं वास येणारं जाणं आणि ओटीपोटात दुखणं, हे कंबरेचं म्हणून सोसू नका. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात आला होता. १०० पैकी ९२ बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. आपण किती मुकाट्यानं अंगावर काढतो ते त्यात दिसतं.

खाण्याचं थोडक्यात: लाल लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर सहा महिने मिळते, दोन्ही एका वेळी घ्यायच्या नसतात. तुमचे ते महिने गेले, म्हणून रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरला विचारूनच पुढे चालू ठेवा. बाळंतिणीला पाणी कमी देतात ते चूक आहे, संडास कडक झाली की कंबर आणखी धरते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की रात्री सगळे झोपल्यावर रडू येतं. ते वाचून मी थांबले होते. रोज असं होत असेल तर तेही दुखणंच आहे आणि त्यानं कंबरही जास्त दुखते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आज रात्री बाजेवर नको, खाली सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं उचला आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघा. किती बोटं जातात ते इथे लिहा, आणि कळ एकाच पायात उतरते का तेही. मी रोज संध्याकाळी बघते.