वाटाण्यासाठी हिवाळ्यापूर्वीचे तणनाशक : मात्रा विचारण्याआधी टेकाडांची माती वेगळी तपासावी

आपल्या लेखनावरून समजले ते असे : अमेरिकेतील पश्चिम नॉर्थ डकोटात भाडेपट्ट्याने घेतलेल्या 160 एकरांत वसंती गव्हाच्या बिवडावर पुढील वर्षी वाटाणा घेण्याचा आपला विचार आहे, यंदाच्या गव्हात ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानता कोशिया हे तण उरले आहे, आणि जमीन गोठण्याआधी सल्फेन्ट्राझोन हे मातीत काम करणारे तणनाशक फवारावे का व एकरी किती, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. सोबत माती परीक्षणाचा अहवालही आपण जोडला आहे. त्या अहवालात संपूर्ण शेतासाठी सामूचा (पीएचचा) एकच आकडा, 7.1, छापलेला पाहिला आणि उत्तर लिहायला बसलो, कारण अशाच एका सरासरी आकड्याच्या भरवशावर दिलेल्या सल्ल्याने आमच्या वाटाण्याचे मोठे नुकसान झाले होते.

सल्फेन्ट्राझोन हे दुर्बल आम्ल आहे आणि त्याचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू ऋणभारित होतात तो आकडा, सुमारे 6.6 आहे. मातीचा सामू त्याच्या वर जाऊ लागला की त्याचे अधिकाधिक रेणू ऋणभारित होतात. मातीचे कणही बहुतांशी ऋणभारितच असल्याने हे रेणू त्यांना चिकटून न राहता मातीतील पाण्यात उतरतात आणि तणाबरोबर पिकाच्या मुळांनाही सहज मिळतात. सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीचा अंश जिथे कमी, तिथे धरून ठेवणारे काहीच नसल्याने हा परिणाम आणखी तीव्र होतो. आपल्या भागातील शेते सपाट नाहीत. टेकाडांवरची काळी माती वाऱ्याने आणि पूर्वीच्या नांगरटीने खाली सरकलेली असते व खालचा फिकट, चुनखडीयुक्त थर उघडा पडलेला असतो. तिथला सामू 8 च्या आसपास आणि सखल भागातला 7 च्या खाली, असे एकाच शेतात सहज आढळते. या दोहोंची माती एका बादलीत कालवून काढलेला 7.1 हा सामू कदाचित आपल्या शेतात कुठेही प्रत्यक्षात नसेल. मात्रा मात्र त्यावरून ठरते आणि फवारणी यंत्र टेकाडावरून आणि खोलगटातून तीच मात्रा टाकत जाते.

आमच्याकडे नेमके हेच घडले. सल्ला देणाऱ्या एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, ते लिहिण्याने काही साधणारही नाही) माती स्वतः नेली, नमुने एकत्र केले आणि त्या आकड्यावरून मात्रा लिहून दिली. शेताला चढउतार आहे, हे आम्ही तोंडी सांगितले होते. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिला जोराचा पाऊस झाल्यावर टेकाडांवरचा वाटाणा बसू लागला. खोडाला जमिनीलगत चिमटा बसल्यासारखा तपकिरी वण दिसत होता आणि मातीचे शिंतोडे जिथवर उडाले होते तिथवरच्या खालच्या पानांवर करपल्यासारखे ठिपके होते. रोप उपटून पाहिले तर मुळे पांढरी व टणक होती, आणि काही रोपांना जमिनीखालच्या डोळ्यातून नवा कोंब फुटत होता. वाटाण्याच्या डाळी (बीजदले) जमिनीखालीच राहत असल्याने शेंडा गेला तरी तो असा पुन्हा फुटू शकतो.

कार्यालयाने फोनवरच निदान केले : मूळकूज. मूळकूज पाणी साचणाऱ्या सखल जागी आधी दिसते आणि तिच्यात मुळे तपकिरी होऊन कुजतात, हे वाटाणा पिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आमच्याकडे सखल भाग हिरवागार होता, उंचवटे ओसाड पडले होते आणि मुळे निरोगी होती. तरीही प्रत्यक्ष पाहणीसाठी कोणी आले नाही. आधी छायाचित्रे मागितली, मग फवारणीच्या नोंदी, मग त्याच नोंदी वेगळ्या नमुन्यात. हे कागदी घोडे नाचून होईपर्यंत मेलेली रोपे वाळून उडून गेली होती आणि मोकळ्या जागेत कोशिया गुडघ्यापर्यंत वाढला होता. शेवटी आलेल्या पत्रात ‘हवामानजन्य ताण’ असा मोघम शेरा मारून त्यांनी हात झटकले. नुकसानीपेक्षाही ‘सरासरी आकड्यावरून मात्रा देणे योग्य होते काय’ या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिले नाही, याचा राग आजही आहे. सगळीच कार्यालये अशी असतात असे माझे म्हणणे नाही. काही सल्लागार स्वतः शेतात येतात आणि त्यांचा सल्ला मोलाचा असतो.

म्हणून एकरी किती, हे मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणी येथे आकडा लिहिला तर तोही आपण वापरू नये. टेकाड, उतार आणि सखल भाग यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत पाठवावेत. पोत, सेंद्रिय पदार्थ आणि सामू हे तिन्ही आकडे प्रत्येक भागासाठी हाती आल्यावर लेबलवरील तक्त्यातून मात्रा ठरवावी. अहवाल येईपर्यंत अंदाज घ्यायचा असेल तर टेकाडावरच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर चुना वर आला आहे असे समजावे. फेस न येणे हा मात्र सामू कमी असल्याचा पुरावा नव्हे. यंत्रात भागानुसार मात्रा बदलण्याची सोय नसेल, तर माझ्या मते टेकाडे सल्फेन्ट्राझोनमधून वगळावीत. तिथे थोडे तण राहिलेले परवडते.

हिवाळ्यापूर्वी फवारावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. कोशिया वसंतात फार लवकर, बहुधा वाटाणा पेरण्याच्या आधीच उगवू लागतो, आणि तणनाशक त्याआधी बियांच्या थरात पोहोचलेले असावे लागते. वसंतात फवारले तर ते मातीत उतरण्यासाठी अर्धा ते पाऊण इंच पावसाची वाट पाहावी लागते आणि आपल्याकडे तो वेळेवर येईलच असे नाही. शरदात फवारले तर वितळणारे बर्फ ते काम करते. मात्र घाई करू नये. माती उबदार असताना फवारलेल्या औषधाचा काही भाग सूक्ष्मजीव हिवाळ्याआधीच संपवतात, म्हणून मातीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या (50 अंश फॅरनहाइटच्या) खाली जाऊन उतरतच राहील, तेव्हा फवारणी करावी. गोठलेल्या जमिनीवर किंवा बर्फावर अजिबात करू नये. मळणी यंत्रामागे भुसा नीट पसरला नसेल तर तो आधी पसरवून घ्यावा. आमच्याकडे भुशाच्या जाड पट्ट्यांखाली औषध पोहोचलेच नव्हते आणि पुढे कोशिया नेमका त्याच ओळींत उगवला.

एकट्या सल्फेन्ट्राझोनवर विसंबणेही मला पटत नाही. ग्लायफोसेटला दाद न देणारा कोशिया 2007 मध्ये कॅन्ससमध्ये आढळला आणि नंतर तो उत्तरेकडच्या मैदानांत सर्वत्र पसरला. गट 2 मधील (तणनाशकांचे गट ती तणाला कशी मारतात त्यावरून पाडलेले असतात) औषधांना तर तो त्याआधीपासूनच जुमानत नाही, त्यामुळे उगवणीनंतर त्याच गटातील इमॅझामॉक्स मारून तो जाईल ही आशा सोडावी. उगवलेल्या तणावर मारायच्या बेंटाझोनचा उपयोग होतो तो कोशिया दोनेक इंचांचा असेपर्यंतच. सल्फेन्ट्राझोनच्या, म्हणजे गट 14 च्या, औषधांनाही प्रतिकार करणारा कोशिया आता नोंदला गेला आहे. म्हणून जोडीला गट 15 मधील पायरॉक्सासल्फोनचा विचार करावा, अर्थात आपण घेणार त्या उत्पादनाच्या लेबलवर वाटाण्यासाठी शरदातील वापर स्पष्ट लिहिलेला असेल तरच. इथाल्फ्लुरालिन आणि ट्रायफ्लुरालिन ही जुनी औषधे गवतवर्गीय तणांवर चांगली आहेत, पण ती मातीत मिसळावी लागतात आणि त्यासाठी पाळ्या घातल्या की धसकटे मोडून जमीन उघडी पडते. उताराच्या शेतात मी तो मार्ग घेणार नाही. सपाट शेत असणाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.

जमीन भाड्याची असल्याने आणखी एक गोष्ट औषध विकत घेण्याआधीच करावी. मागील हंगामांत गव्हावर काय फवारले होते, याची लेखी नोंद मालकाकडून मागावी. थिसल या काटेरी तणासाठी क्लोपायरालिड हे तणनाशक वापरले असेल तर वाटाणा त्याला फार नाजूक आहे. ते मुख्यतः सूक्ष्मजीवांमुळे विघटित होते, कोरड्या वर्षात ते काम मंदावते आणि काडातही त्याचा अंश राहतो. लेबलवरचे महिने मोजून झाले, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. त्या महिन्यांत पाऊस किती पडला, हेही पाहावे. शंका असेल तर त्या शेतातील माती कुंडीत घेऊन घरातच वाटाणा लावून पाहावा. पाने वाटीसारखी वळली आणि देठ पिळवटले, तर त्या शेतात यंदा वाटाणा नको.

मी कृषितज्ज्ञ नाही, आपले शेत पाहिलेले नाही आणि या देशात लेबलवरील मजकूर हा कायदा आहे, त्यामुळे माझ्या मतात आणि लेबलमध्ये फरक दिसल्यास लेबलच प्रमाण मानावे. फवारणीच्या वेळी मात्र टेकाडापासून सखल भागापर्यंत यंत्राच्या एका रुंदीची पट्टी न फवारता सोडावी आणि तिच्या दोन्ही टोकांना खुणेचे खांब ठोकावेत. वाटाणा उगवल्यावर पट्टीच्या आतील व बाहेरील रोपांची छायाचित्रे दर आठवड्याला, खांब चौकटीत येईल अशी, तारखेसह काढून ठेवावीत. आमच्याकडे ही पट्टी असती, तर मूळकूज आणि हवामानजन्य ताण या दोन्ही सबबी जागच्या जागी खोडता आल्या असत्या.