डेन्मार्कच्या क्रिस्तीनाचं चित्र: काळा पोशाख, तीन तास आणि ते प्रसिद्ध वाक्य

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सोळाव्या शतकातला चित्रकार हान्स होल्बाइन याने काढलेलं डेन्मार्कची राजकन्या क्रिस्तीना हिचं चित्र पाहून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याशी लग्न जुळवण्यासाठी काढलेल्या चित्रात मुलगी काळ्या कपड्यांत का? एवढं मोठं चित्र तीन तासांत कसं झालं? आणि ‘मला दोन डोकी असती तर त्यातलं एक इंग्लंडच्या राजाला दिलं असतं’ असं ती खरंच म्हणाली का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या वाक्यामुळेच हे चित्र नीट पाहिलं जात नाही असं माझं ठाम मत आहे.

ती तसं म्हणाल्याचा त्या काळातला कुठलाही पुरावा नाही. ते वाक्य फार नंतर तिच्या तोंडी घातलं गेलं. इंग्लंडच्या वकिलाने, म्हणजे राजदूताने, तिची मर्जी विचारली तेव्हा तिने काय सांगितलं ते मात्र नोंदलेलं आहे: मी सम्राटांच्या आज्ञेत आहे. सम्राट म्हणजे तिचा सख्खा मामा, पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स. मला हे उत्तर त्या चटकदार वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीने होही नाही, नाहीही नाही, असं बोलून स्वतःला सोडवून घेतलं. चित्रातली मुलगी तशीच दिसते. ओठ मिटलेले, नजर थेट समोर, आणि मनात काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

आता काळा रंग. क्रिस्तीना विधवा होती. १५३३ मध्ये, अकराव्या वर्षी, मिलानचा ड्यूक दुसरा फ्रान्चेस्को स्फोर्झा याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. तो तिच्यापेक्षा पंचवीसहून अधिक वर्षांनी मोठा होता आणि १५३५ मध्ये वारला. त्यानंतर ती ब्रसेल्सला मावशीच्या, म्हणजे हंगेरीच्या मेरीच्या दरबारात राहिली. इंग्लंडचा तिथला वकील जॉन हटन याने ती इटालियन पद्धतीचा शोकवेष घालते असं कळवलं होतं. चित्रात तोच वेष आहे. हटनने तिच्या उंचीचं वर्णन केलं, बोलणं मृदू आहे हे लिहिलं, आणि हसली की दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर खळी पडते हेसुद्धा. होल्बाइनने ती खळी रंगवली नाही. हसू आत्ता येईल की नाही अशा क्षणी त्याने तिला थांबवलंय.

इकडे आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर ऑक्टोबर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर गेली होती आणि नवीन स्थळं बघायला सुरुवात झाली होती. हेन्रीला मुलगी स्वतः पाहायची होती. फ्रान्सकडच्या मुलींना कॅले या बंदराच्या गावी एकत्र आणून दाखवा, असा आग्रह त्याने धरला आणि फ्रेंच वकिलाकडून चांगलंच ऐकून घेतलं. मुलगी समोर पाहता येत नसेल तर चित्रकार पाठवणं हाच मार्ग होता. होल्बाइन १० मार्च १५३८ ला हेन्रीचा माणूस फिलिप होबी याच्याबरोबर ब्रसेल्सला पोचला. हटनने त्याआधीच दुसऱ्या कुणाकडून काढलेलं एक चित्र लंडनला रवाना केलं होतं. होल्बाइनचं काम पाहिल्यावर त्याला ते इतकं फिकं वाटलं की ते परत आणवायला त्याने माणूस पाठवला!

१२ मार्चला दुपारी एक ते चार, एवढाच वेळ क्रिस्तीना त्याच्यासमोर होती. त्या तीन तासांत हे चित्र झालेलं नाही. ओक लाकडाच्या फळीवरचं हे तैलरंगातलं काम जवळजवळ १७९ सेंटिमीटर उंच आणि ८२ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे माणसाएवढं. होल्बाइन समोरच्या माणसाचं रंगीत खडूंनी कागदावर रेखाटन करायचा आणि मूळ चित्र त्यावरून सावकाश रंगवायचा. अशी त्याची ऐंशीच्या आसपास रेखाटनं विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. क्रिस्तीनाचं रेखाटन मात्र उरलेलं नाही. मी स्वतः चारकोलने चेहरे काढते, म्हणून सांगते, तीन तासांत चेहरा पकडता येतो, हातांसाठी वेळ उरत नाही. त्याने मात्र हातही आणले.

तुम्ही पुन्हा गेलात तर त्या हातांसमोरच उभ्या राहा. अख्ख्या काळ्या पोशाखात उजेड दोनच ठिकाणी आहे, चेहऱ्यावर आणि हातांवर. लांब, निमुळती बोटं, त्यांत सैल धरलेले हातमोजे आणि लाल खड्याची एक अंगठी. बाकी दागिना जवळपास नाहीच. होल्बाइनच्या इतर दरबारी स्त्रिया पाहा, जरीकाम आणि मोती मोजत बसावेत असे. इथे ती सगळी कलाकुसर बाजूला ठेवून त्याने काळ्याच्या छटा रंगवल्या आहेत: साटिनवर घडीच्या कडेला येणारी चकाकी, कपड्याला आतून लावलेली तपकिरी फर, उजवीकडे भिंतीवर पडलेली तिची सावली. मागची निळसर-हिरवी भिंत रिकामी आहे, त्यामुळे ती खोलीत आपल्यापासून चार पावलांवर उभी आहे असं वाटतं. मोबाइलवरच्या फोटोत हा काळा रंग सपाट दिसतो. प्रत्यक्षच बघावा.

हेन्री हे काम पाहून खूश झाला. लग्न जमलं नाही ते मुख्यतः राजकारणामुळे. शिवाय हेन्रीने टाकलेली पहिली राणी, अरागॉनची कॅथरीन, ही क्रिस्तीनाच्या आजीची सख्खी बहीण होती, त्यामुळे पोपची परवानगीही लागणार होती. क्रिस्तीनाने १५४१ मध्ये लॉरेनच्या घराण्यात लग्न केलं आणि १५९० पर्यंत जगली. चित्र हेन्रीने शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं.

पुढे ते नॉरफोकच्या ड्यूकच्या घराण्याकडे गेलं. १९०९ मध्ये ७२,००० पौंडांना देशाबाहेर जायची वेळ आली, तेव्हा नाव न सांगता एका बाईंनी ४०,००० पौंड दिले आणि ते गॅलरीत राहिलं.

पॅरिसला जाणं झालं तर लूव्रमध्ये होल्बाइनचीच क्लीव्ह्जची ॲन बघा. तीही हेन्रीसाठीच काढलेली, १५३९ मधली. ती दागिन्यांनी भरलेली, अगदी समोरून, डाव्या-उजव्या अंगाला सारखी आहे. क्रिस्तीना आठवून तिच्यासमोर उभ्या राहिलात की होल्बाइनने ब्रसेल्सला काय गाळलं होतं ते लगेच दिसेल.