घरातही मोजे घालणारा नवरा

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांनी लिहायला संमती दिली आहे.)

जिना उतरताना त्याचा पाय मुरगळला. घोटा सुजला, पण तो मोजा काढू देईना. "राहू दे, मी बघतो," एवढंच म्हणत राहिला. शेवटी तिनं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि मोजा ओढूनच काढला. पाचही नखांना गर्द, वांग्यासारखं जांभळं नेलपॉलिश.

"मॅडम, मला आधी काय दिसलं सांगू?" ती मला म्हणाली. "रंग नखाबाहेर कुठेच गेला नव्हता. अंगठ्याच्या कडेलासुद्धा नाही. माझा उजव्या पायाचा अजूनही बाहेर जातो. म्हणजे हे त्यानं पहिल्यांदा केलेलं नव्हतं."

लग्नाला अकरा वर्षं झालेली, आठ वर्षांचा मुलगा. ऐन उन्हाळ्यातही नवरा घरात मोजे घालून का फिरतो, याचं उत्तर तिला त्या संध्याकाळी मिळालं. पुढचे आठ दिवस दोघं फक्त मुलाच्या शाळेबद्दल बोलले. मग ती माझ्याकडे समुपदेशनाला आली, एकटीच. हातातल्या रुमालाची घडी घालत आणि उलगडत तिनं विचारलं, "तो तसा आहे का? आणि हा आजार असेल तर बरा होतो का?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. मुलगा भुवया कोरतो म्हणून आई विचारते, भाऊ छातीवरचे केस वॅक्सिंगनं काढतो म्हणून बहीण. होणारा जावई चेहऱ्याला बेस लावतो हे कळल्यावर एक वडीलही विचारायला आले होते. शब्द बदलतात, भीती तीच असते.

तिला मी सांगितलं, ते इथेही सांगते. माणसाला अंगावर काय ल्यायला, लावायला आवडतं ही एक गोष्ट. त्याला आकर्षण कुणाबद्दल वाटतं ही दुसरी. आणि तो मनातून स्वतःला पुरुष समजतो, स्त्री समजतो की आणखी काही, ही तिसरी. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. आयुष्यात कधी नखाला रंग न लावलेले कितीतरी पुरुष समलिंगी असतात, आणि रोज रंग लावणारे कितीतरी आपल्या बायकोवर जीव टाकतात. नखं पाहून मी 'आहे' म्हणू शकत नाही, आणि 'नाही' असा दाखलाही देऊ शकत नाही. ते फक्त तोच सांगू शकतो.

आजाराचं म्हणाल तर नखं रंगवणं, केस काढणं, भुवया कोरणं हा कुठल्याही वैद्यकीय यादीत आजार नाही. समलैंगिकतासुद्धा अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1973 मध्ये आजारांतून वगळली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये. या संघटनेची नवी आजारसूची 2022 पासून लागू झाली. तिच्यात स्वतःला वेगळ्या लिंगाचं समजणंही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं आहे. त्यामुळे कुणी 'सुधारून देतो' म्हणत असेल तर तिथे आपलं माणूस नेऊ नका. अशा उपचारांनी माणसं सुधारत नाहीत, आतून मोडतात.

हे सगळं तिनं शांतपणे ऐकलं. मग मी एक चूक केली. तिच्या मनावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून तिला इतिहास सांगत बसले. उंच टाचा आधी इराणी घोडेस्वारांच्या होत्या, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. तिथून त्या युरोपातल्या सरदारांच्या पायात गेल्या आणि फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट मिरवायचा. प्राचीन इजिप्तमध्ये पुरुषही डोळ्यांत काजळ घालायचे. 1918 मध्ये अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता. बायकी काय आणि पुरुषी काय हे काळ ठरवतो, असं मला म्हणायचं होतं. सगळं खरंच होतं.

तिनं विचारलं, "त्या राजानं लाल टाचा बायकोपासून लपवल्या होत्या का?"

तिचं दुखणं मला तेव्हा कळलं. ती रंगाबद्दल विचारत होती, पण लागलं होतं ते लपवणं. अकरा वर्षं एका अंथरुणावर झोपून या माणसाला आपल्यासमोर मोजे काढावेसे वाटले नाहीत, याचं ते दुःख होतं. इतिहासात त्याला औषध नव्हतं.

मग तिनं आणखी एक सांगितलं. पायावरचे केस तो तीन वर्षांपासून काढतो हे तिला माहीत होतं. तो सायकल चालवतो. पडल्यावर जखम धुवायला आणि मालिशला सोपं जातं म्हणून सायकलवाले केस काढतात, असं त्यानं सांगितलं होतं. ते खरंही आहे. तिला ते पटलं होतं. मैत्रिणींना तिनं थोडं कौतुकानंच सांगितलं होतं.

"आता तेच पाय बघवत नाहीत," ती म्हणाली.

यावर आम्ही बराच वेळ थांबलो, कारण माझ्या मते सगळं इथे आहे. पाय तेच, केस तेवढेच गेलेले. बदललं ते फक्त कारण. शर्यतीसाठी केस काढले की तो खेळाडू, आवडतात म्हणून काढले की बायकी. रोज सकाळी दाढी करून गाल गुळगुळीत करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, तोच वस्तरा गळ्याखाली उतरला की भुवया उंचावतात. पुरुषानं देखणं दिसावं हे आपल्याला चालतं. त्याला दिसण्याची हौस असावी हे चालत नाही. ती हौस आपण बायकांच्या नावावर लिहून ठेवली आहे, आणि पुरुषाला खाली पाडायचं असलं की त्याच नावाची शिवी करतो. बोलताना तिच्याही तोंडून 'बायल्या' शब्द गेला आणि ती थांबली. "म्हणजे बाईसारखं असणं वाईट, असं मीच म्हणतेय," एवढं बोलून ती गप्प झाली.

त्याला मी पुढच्या आठवड्यात वेगळं भेटले. घोट्याला अजून पट्टी होती. तो मला पटवायला आला होता, की त्याच्यात काही बिघाड नाही. तासाभरानं तो लहानपणावर आला. मोठ्या बहिणीची नखं तोच रंगवून द्यायचा, ती त्याला 'माझा कारागीर' म्हणायची. एकदा त्यानं स्वतःच्या नखांना लावलं. वडिलांनी रिमूव्हरचा बोळा इतका घासला की कातडी दोन दिवस चुरचुरत होती. मारलं नाही, बोललेही नाहीत, फक्त घासत राहिले. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

आता ऑफिसात फार ताणाचा आठवडा असला की तो रविवारी दुपारी दार लावून नखं रंगवतो. "वीस मिनिटं पाय हलवता येत नाही. फोन नाही, काही नाही. वाळेपर्यंत गप्प बसायचं." पुरुषांबद्दल ओढ कधी वाटली नाही, स्त्री व्हावंसं वाटलं नाही, हे मी न विचारता त्यानं सांगितलं. मी त्याला म्हटलं, हे मला सांगून उपयोग नाही, सांगायचं तिला आहे. आणि ती विश्वास ठेवेल याची हमी नाही, कारण तीन वर्षं तुम्ही तिला अर्धंच सांगितलंत.

काळजी कधी करायची, हे त्याच्याशीही बोलले. आरशापुढे तासन्‌तास जात असतील, चेहऱ्यातला एखादा दोष सतत छळत असेल, भुवया कोरता कोरता उपटण्याचा हात थांबत नसेल, आवरण्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं, मग माणूस पुरुष असो की स्त्री. त्याचं यातलं काहीच नव्हतं.

तिसऱ्या भेटीला दोघं आले. तो सँडल घालून आला होता. रंग तसाच, टोकाला थोडा उडालेला. ती पाच मिनिटं त्या पायांकडे बघत राहिली आणि तो तिला बघू देत होता. रिमूव्हरच्या बोळ्याची गोष्ट तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मीही घासेन असं वाटलं तुला?" तो म्हणाला, "हो."

त्या 'हो'मधून ते अजून पुरते बाहेर आलेले नाहीत. पुढे चार भेटी झाल्या, भांडणंही झाली. आवडीचा मान ठेवायचा म्हणजे तिनंही टाळ्या वाजवायच्या, असं मी तिला कधीच म्हटलं नाही. तिला जे बघायला आवडत नाही ते सांगायचा हक्क तिला आहे, जसा त्याच्या दाढीबद्दल होता. 'मला आवडत नाही' आणि 'तू बिघडला आहेस' यांत फरक आहे, एवढाच माझा आग्रह होता. काही गोष्टी त्यांनी आपसात ठरवल्या. घरात मोजे बंद. त्याच्या आईवडिलांकडे जाताना बूट, कारण ती लढाई त्याला सध्या लढायची नाही, आणि कधी लढायची हे त्यानं ठरवायचं. दार लावायचं नाही.

मुलाची दोघांनाही फार भीती होती. त्यानं एक दिवस पाहिलं आणि विचारलं, "बाबा, का लावलंय?" बाबा म्हणाले, "मला आवडतं." त्यावर मुलानं विचारलं, "निळं आहे का?" निळं नव्हतं. तो खेळायला गेला. उद्या शाळेत कुणी चिडवलं तर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याची तयारी आम्ही करतो आहोत.

मागच्या महिन्यात ती एकटी आली होती, आपल्या नोकरीबद्दल बोलायला. निघताना पायात चप्पल अडकवत तिनं उजवा पाय किंचित पुढे केला. रंग नखाबाहेर गेला नव्हता. "त्यानं लावून दिलं," ती म्हणाली. "त्याच्या भुवया कोरण्याचं मात्र मला अजून पटत नाही. तसं सांगितलंय त्याला."