हिप्परग्यावरचा गळपट्टेवाला पट्टकदंब

प्रश्न : दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही हिप्परगा तलावावर गेलो होतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या हंसांचा थवा काठाला बसला होता. त्यातल्या एकाच्या गळ्यात प्लॅस्टिकचा पट्टा होता, त्यावर अक्षरं होती. धाकटा भाऊ म्हणाला, पाळीव असेल, पकडून पट्टा काढून टाकू. काढावा का? पक्ष्याला त्रास होत असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपा करून काढू नका, आणि पकडायला तर मुळीच जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) तो गुन्हा ठरतो. तुम्ही पाहिलात तो पट्टकदंब. मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तानातल्या उंचावरच्या पाणथळींवर त्याची वीण होते आणि हिमालय ओलांडून तो आपल्याकडे हिवाळ्याला येतो.

विणीच्या काळात या पक्ष्यांची उडायची पिसं झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. अभ्यासक त्यांना तेव्हाच पकडतात, मापं घेतात, खुणा घालतात आणि सोडून देतात. पट्टा हलका असतो, गळ्याच्या मापाचा असतो. पायात धातूचं कडंही असतं, पण ते वाचायला पक्षी पुन्हा हाती यावा लागतो. गळपट्टा मात्र काठावरून दुर्बिणीने वाचता येतो. हे कडं घालण्याचं काम डेन्मार्कच्या मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे डॉ. सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून ते मोठ्या प्रमाणावर केलं.

पण हा सगळा खटाटोप कुणी तरी पट्टा वाचला तरच उपयोगी. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं.

मी स्वतः एका मार्गशीर्षात तिथेच असा पट्टा पाहिला होता. धुकं होतं, शेवटचं अक्षर नीट दिसेना. मी अंदाजाने भरलं आणि कळवून टाकलं. पुन्हा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ते अक्षर वेगळंच निघालं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली, पण ती रात्र मला झोप लागली नाही. एका चुकीच्या अक्षराने भलत्याच पक्ष्याचा प्रवास लिहिला जातो. तेव्हापासून जे दिसलं नाही तिथे मी टिंब देते.

पुढच्या वेळी पहाटे जा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरीची पिकं येतात, तिथल्या कोवळ्या हरभऱ्यावर हे पक्षी चरतात. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. थव्यातली एक-दोन मान वर ताणून तुमच्याकडे रोखून पाहू लागली की जागीच थांबा, एक पाऊलही पुढे नको. पक्षी मान फिरवेपर्यंत वाट पाहा. फोटो भरपूर काढा. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं कोणत्या दिशेने वाचली, तारीख, वेळ, थव्यात किती होते, सगळं जागेवरच लिहा आणि सोसायटीला कळवा.

मेलेला पक्षी सापडला तर उघड्या हाताने शिवू नका. कड्याचा फोटो घ्या आणि वनखात्याला सांगा.

त्या रविवारचे फोटो अजून मोबाईलमध्ये असतील तर पुसू नका. भावाला सोबत बसवा आणि दोघांनी वेगवेगळी अक्षरं वाचून मग ताडून पाहा.