वेल्श भाषेतील पक्ष्यांच्या नावांचे अर्थ काय, आणि ती आली कुठून?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: वेल्श भाषेत पक्ष्यांची नावे कशी घडली, आणि ‘पेंग्विन’ हा शब्द मुळात वेल्श आहे हे खरे काय. गेली काही वर्षे मी ही भाषा हौसेने शिकत आहे आणि पक्ष्यांची नावे हा त्या अभ्यासातील माझा सर्वांत आवडता भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेल्श शब्द उच्चाराच्या जवळ जातील अशा बेताने देवनागरीत देत आहे.

एका पक्ष्याला वेल्शमध्ये ‘आदेरिन’ म्हणतात आणि अनेकांना ‘आदार’. येथे मूळ रूप अनेकवचनाचे आहे. त्याला प्रत्यय जोडला की त्या समूहातला एक वेगळा काढता येतो. पिसांचेही तसेच: ‘प्ली’ म्हणजे पिसे आणि ‘प्लिएन’ म्हणजे त्यातले एक पीस. मराठीत पक्षी एक असो वा शंभर, शब्दाचे रूप तेच राहते. वेल्श भाषेला मात्र आधी थवा दिसतो आणि मग पाखरू.

‘आदार’ची व्युत्पत्ती मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. वेल्श आणि आयरिश ज्या कुळातल्या आहेत त्या केल्टिक भाषांत मूळचा ‘प’ शब्दारंभी गळून पडला, म्हणून संस्कृतातल्या ‘पितृ’च्या जागी आयरिश भाषेत ‘आहर’ ऐकू येते. पुढे वेल्शमध्ये दोन स्वरांमधल्या ‘त’चा ‘द’ झाला. हे दोन बदल उलटे फिरवून पाहिले की ‘आदार’च्या मागे उडणे या अर्थाचा तोच धातू उभा राहतो, जो संस्कृतात ‘पत्’ असा आहे आणि ज्यापासून ‘पतत्र’ म्हणजे पंख आणि ‘पतत्री’ म्हणजे पक्षी हे शब्द झाले. आपण संक्रांतीला उडवतो तो ‘पतंग’ही त्याच धातूचा. पंखाला वेल्शमध्ये ‘आदाइन’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. आपले ‘पत्र’सुद्धा आधी पंख, मग पान आणि मग लिहिलेला कागद असे अर्थ घेत आले आहे.

‘पत्र’ शब्दाचा हा प्रवास ठाऊक असला की मॅबिनोगी या मध्ययुगीन वेल्श कथासमूहातील एक प्रसंग वेगळाच वाटतो. ब्रानवेन ही राजकन्या आयर्लंडच्या राजाला दिलेली असते आणि तिथे तिला मुदपाकखान्यात राबवून रोज मार दिला जातो. ती कणीक मळण्याच्या काथवटीच्या काठावर एक पाखरू वाढवते, त्याला बोलायला शिकवते आणि आपल्या हालांचे पत्र त्याच्या पंखांच्या मुळाशी बांधून समुद्रापलीकडे भावाकडे पाठवते. हे पाखरू म्हणजे ‘द्रिदवेन’, आपल्याकडे ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्यांचे आणि माणसाची बोली उचलणाऱ्या साळुंकीचे भाऊबंद. भावाच्या नावातही पक्षी आहे: ‘ब्रान’ म्हणजे कावळा, आणि बेन्दिगेइदव्रान म्हणजे धन्य असा ब्रान. समासात ‘ब’चा ‘व’ कसा झाला ते पाहा. वेल्श शब्दांचे पहिले व्यंजन आधीच्या शब्दानुसार बदलते, त्यामुळे शब्दकोशात नाव शोधताना नवख्या माणसाची बरीच दमछाक होते.

मला स्वतःला सर्वांत अधिक भावतो तो कोकिळेचा शब्द. तिला वेल्शमध्ये ‘कोग’ किंवा ‘कुकू’ म्हणतात, आणि हे शब्द आवाजावरून आले हे सांगायला नको. परंतु जुन्या वेल्श भाषेत ‘कू’ या शब्दाचा अर्थ ‘कुठे’ असा होता. त्यामुळे वसंतात फुललेल्या फांदीवरून येणारी ती साद त्या काळच्या माणसाला प्रश्नासारखी ऐकू येई: कुठे आहेत, कुठे गेले ते सारे? आबेरकिआउग या ठिकाणचा एक रोगजर्जर पुरुष, ज्याला आता लढाईवर जाता येत नाही, कोकिळांचे गाणे ऐकून व्याकुळ होतो, अशी एक जुनी कविता आहे, आणि तिच्यातील दुःखाचे मर्म अभ्यासकांनी या ‘कू’मध्ये शोधले आहे. वैदिक संस्कृतातही ‘कू’ म्हणजे कुठे, आणि आपले कुठे, कोण, केव्हा हे सगळे त्याच प्रश्नार्थक मुळाचे. वेल्शमध्ये हे मूळ एरवी ‘प’ होऊन येते, म्हणून ‘कोण’ला तिथे ‘पुइ’ म्हणतात. मात्र ‘उ’ स्वरापुढे ‘क’ टिकून राहिला, आणि तो टिकला म्हणूनच कोकिळेला प्रश्न विचारता आला. आपल्याकडे पावशा याच कुळातला, आणि पेरणीच्या तोंडावर त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते. एकाच कुळातल्या पाखरांच्या आवाजात एका भाषेला विरह ऐकू यावा आणि दुसरीला मृगाची लगबग, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुष्कळशी नावे मात्र साधी वर्णनपर आहेत. ‘ब्रोनव्राइथ’ म्हणजे ठिपकेदार छातीची, ही तिकडची गाणारी कस्तुरी. शेपटी हलवणाऱ्या धोब्याला ‘सिगलिगुट’, शब्दशः शेपूट-हलव्या. खंड्याला ‘ग्लास अ दोर्लान’, म्हणजे नदीच्या पोखरलेल्या काठावरचा निळा. पाण्यावरून गेलेली निळी रेघ पाहिलेल्या माणसाला याहून नेमके नाव सुचणार नाही. पाकोळीसारख्या ‘ग्वेनोल’चे नाव विणकराच्या धोट्यालाही आहे, कारण दोघांची ये-जा सारखीच, अंतराळात जाऊन परत येणाऱ्या यानालाही आज ‘अवकाशातली ग्वेनोल’ म्हणतात.

काही नावे बाहेरून आली. कबुतराचे ‘कोलोमेन’ आणि मोराचे ‘पाइन’ ही लॅटिनची देणगी, आणि ससाण्याचे ‘हेबोग’ जुन्या इंग्रजीतून आले. मोर मूळचा आपल्याकडचा, परंतु वेल्सला तो रोमन लोकांच्या शब्दातून कळला.

व्युत्पत्ती सांगताना एक खबरदारी घ्यावी लागते. वेल्सच्या वायव्येकडील उंच डोंगराळ प्रदेशाला ‘एररी’ म्हणतात, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने 2022 मध्ये इंग्रजी नावाऐवजी हेच नाव वापरायचे ठरवले. गरुडाला वेल्शमध्ये ‘एरिर’ म्हणतात, त्यामुळे एररी म्हणजे गरुडांचे स्थान असे सर्रास सांगितले जाते. परंतु इवोर विल्यम्स या थोर वेल्श अभ्यासकाने त्याचा अर्थ ‘उंचवट्याचा प्रदेश’ असा लावला आणि वर येणे, उगवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याचा संबंध जोडला. गरुडाची कथा अधिक देखणी असली तरी मला हाच अर्थ पटतो.

आता पेंग्विन. वेल्शमध्ये ‘पेन’ म्हणजे डोके आणि ‘ग्विन’ म्हणजे पांढरे. इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम आढळतो, आणि तो न्यूफाउंडलंडकडच्या ‘ग्रेट ऑक’ या उडू न शकणाऱ्या समुद्रपक्ष्यासाठी. दक्षिणेकडच्या दिसायला तशाच पक्ष्यांना तो खलाशांनी पुढे लावला. मूळचा ऑक 19व्या शतकात नामशेष झाला. ऑकचे डोके काळे होते, परंतु चोच आणि डोळा यांच्यामध्ये मोठा पांढरा ठिपका होता, म्हणून वेल्श व्युत्पत्ती अशक्य म्हणता येत नाही. काहींनी ते नाव मुळात एका पांढऱ्या भूशिराचे मानले आहे, तर काही जण लठ्ठ या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवतात. तेव्हा ‘शक्य आहे, परंतु सिद्ध नाही’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. समुद्रपक्षी कुरवासाठी इंग्रजीत असलेला ‘गल’ हा शब्द मात्र वेल्श ‘ग्विलान’ किंवा तिची बहीण असलेल्या कॉर्निश भाषेतून गेलेला आहे, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. आणि आजचे वेल्श लोक पेंग्विनला ‘पेंगविन’ म्हणतात, ते इंग्रजीतून घेऊन.