पानाला दोनशे रुपये कशाचे?

प्रश्न : ताई, वर्तमानपत्रातली नोकरी सोडून वर्ष झालं. आता लेखनाची सुटी कामं घेते. भोसरीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका उद्योजकांना आत्मचरित्र लिहून हवंय. ते सांगणार, मी लिहिणार. साधारण २०० पानं. अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे चौकशी करून ते म्हणाले, "पानाला २०० रुपये देतो." जास्त मागायला संकोच वाटतो. किती सांगू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पानाचा दर कबूल करू नका. डीटीपीवाला पान जुळवतो, त्याला तो हिशेब बरोबर आहे. तुमचं निम्मं काम पानावर दिसणारच नाही.

माझं पहिलं असं काम एका वृद्ध कारखानदारांचं होतं. नदीजवळचं त्यांचं वर्कशॉप पानशेतच्या पुरात गेलं. ते सांगायचे, "रविवार होता म्हणून माणसं वाचली." मी तसं लिहूनही टाकलं. नंतर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या, तर १२ जुलै १९६१ ला बुधवार! पुन्हा त्यांच्याकडे गेले. बराच वेळ ते चष्म्याचं घर उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "खरंय. कामगार आले होते. मीच सगळ्यांना घरी पिटाळलं. माझा पाय मात्र लेथ मशीनपासून निघेना." त्या पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्रसंग तो. छापून आला अर्धं पान, माझे गेले तीन दिवस.

पुढे त्यांच्या मुलांनी भावाभावांच्या वाटणीची २८ पानं काढायला लावली. पैसे छापील पानांवर ठरलेले, म्हणून त्या पानांचा एक रुपयाही मिळाला नाही. फार लागलं होतं ते मनाला.

तर तुम्ही दिवस मोजा. दीड तासाच्या २० बैठका धरल्या तर ३० तासांचं रेकॉर्डिंग होतं. कोथरूडहून भोसरीला जाऊन-येऊन प्रत्येक बैठकीला अर्धा दिवस जाणारच, म्हणजे १० दिवस. एक तास ऐकून उतरवायला मला पाच तास लागतात. एकूण १५० तास, रोज सहा तास बसलात तर २५ दिवस. २०० पानं म्हणजे सुमारे ५०,००० शब्द. रोज हजार चांगले शब्द झाले तरी ५० दिवस. पडताळणी, दुरुस्त्या, प्रुफं यांना २५. झाले ११० दिवस. त्यांच्या दराने हातात येणार ४०,०००, म्हणजे दिवसाला ३६४ रुपये! तुमचं घर महिन्याला ४०,००० वर चालत असेल आणि कामाचे दिवस २० असतील, तर दिवसाचे २,००० होतात. म्हणून आकडा सांगा २,२०,०००, आणि हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. कारखाना चालवलेल्या माणसाला मजुरीचे तास समजावून सांगावे लागत नाहीत.

हप्ते चार पाडा : सुरुवातीला ३० टक्के, मुलाखती संपल्यावर ३०, पहिला खर्डा दिल्यावर ३०, शेवटी १०. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, पुढच्या फेरीचे पैसे वेगळे. घरातलं कोण वाचून हरकत घेणार, तेही आधीच लिहून घ्या. बिल कंपनीच्या नावाने काढायचं असेल तर १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो धरून चाला. कॉपीराइटचंही ठरवा. तुम्ही त्यांच्या नोकरीत नाही, त्यामुळे वेगळा करार नसेल तर कायद्याने हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. तो त्यांना लेखीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. शेवटचा हप्ता मिळाल्यावर हक्क देईन, असं कलम घाला. 'शब्दांकन' म्हणून तुमचं नाव आत छापायचं की नाही, तेही त्यातच.

एवढे जमणार नाहीत म्हणाले, तर काम कमी करा, दिवसाचा दर नको. दहा बैठका, शंभर पानं, फक्त कारखान्याची गोष्ट. आणि पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय रेकॉर्डर सुरू करू नका.